हेलिकॉप्टरच्या दारातल्या चपला

मी चपला ओळीत लावतो म्हणून हसता ना? हे खूळ मला हेलिकॉप्टरनं लावलंय.

पन्नास वर्षं झाली असतील, मी तेव्हा हवाई दलात होतो. भिवंडीत पूर आला होता आणि जवळच्याच टेमघरच्या एका शाळेत आमचा तात्पुरता तळ होता. लूमच्या कारखान्याच्या गच्चीवर सात माणसं अडकलेली, पाणी जिन्याच्या वरच्या पायरीला लागलेलं. पायलटसाहेबांनी हेलिकॉप्टर कसंबसं टेकवलं. मी दारातून हात दिला, तर पुढची मावशी वाकून चपला काढायला लागली.

“मावशी, चढा आधी!”

“दुसऱ्याच्या घरात चपला घालून शिरायचं न्हाय, बाबा.”

मागच्या सहाही जणांनी चपला काढून हेलिकॉप्टरच्या दारात आतल्या बाजूला ओळीत लावल्या.

शाळेत उतरल्यावर मावशीनं साहेबांचे पाय बघितले. “आन् हा बूट घालूनच बसलाय व्हय?”

“क्या बोल रही है?” साहेबांनी विचारलं. मी सांगितलं. साहेबांनी शाळेच्या पायरीवर बूट काढले, मग आम्हीही तिथंच ढिगात काढले. तेवढ्यात पुढची हाक आली. साहेब पळाले ते माझा डावा बूट घालून.

आता तो तळ नाही, साहेबही नाहीत. ओळ तेवढी राहिलीय.