पान्याची कंपनी कुठली?

...आणि मुळात मला सांगा, पान्याला आडनाव लागतं का हो? नट सोडवायचा, नट आवळायचा, फडक्याने पुसून ठेवून द्यायचा, संपला विषय! पण नाही. आमच्या परळच्या बिल्डिंगीत, चौदाव्या मजल्यावर, धम्मपाल गमरे नावाचा चांगला शिकलासवरलेला, विमा कंपनीत ऑफिसर असलेला माणूस डिसेंबरपासून मार्चपर्यंत एकच प्रश्न विचारत बसला... कंपनी कुठली?

तुम्हाला सांगतो, सुरुवात अगदी साधी होती. धम्मपालने गाडी घेतली. सेकंडहँड, छोटी, पांढरी, पण गमऱ्यांच्या अख्ख्या खानदानातली पहिली! त्याचे वडील बाबुराव, वय वर्षं एक्याऐंशी, मिल होती तोवर मिलमध्ये मशिनींना तेल घालणारे, मिल गेल्यावर मिळेल तिथे वॉचमन. ते खाली आले, गाडीला एक चक्कर मारली, बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "धम्मा, माझा बाप महाडला पायी गेला होता, चवदार तळ्यावर. मी वर्षानुवर्षं आपल्या मंडळाच्या बसने गेलो. यंदा वीस मार्चला पोराच्या गाडीतून जाईन म्हणतो." बस्स! म्हाताऱ्याने जन्मात पोराकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. धम्मपालने लगेच पुढचं दार उघडून दाखवलं. म्हणाला, "दादा, पुढच्या सीटवर बसवून नेतो!"

आता गाडी ब्रेक दाबला की किंचाळायची. नाक्यावरच्या हितेंद्र मेकॅनिकने वाकून बघितलं, म्हणाला, "साहेब, पुढचे ब्रेक पॅड गेलेत. अर्ध्या तासाचं काम आहे, चावी द्या." द्यायची ना चावी? माणसासारखा माणूस तू, अर्ध्या तासाचं काम, दे ना चावी! पण आमच्या साहेबांनी आदल्या रात्री मोबाइलवर व्हिडिओ बघितलेला. त्यात एक गोरा माणूस शीळ घालत चाक काढतो, पॅड बदलतो, चाक लावतो आणि बायकोकडे बघून हसतो. धम्मपाल म्हणाला, "नको, मी स्वतः करणार." हितेंद्र चहाचा घोट घेत म्हणाला, "करा की. हत्यारं आहेत?" "घेतो ना." आणि हितेंद्रने, काही कारण नसताना, नुसतं विचारायचं म्हणून विचारलं... "कंपनी कुठली?"

झालं! माणूस गेला कामातून!

घरी गाडी दुरुस्त करणाऱ्यांचा ग्रुप असतो, तुम्हाला माहीत होतं? चार हजार माणसं! तिथे धम्मपालने विचारलं, की नवशिक्याने पाने कुठले घ्यावेत. वाशीचे एक रिटायर्ड कॅप्टन, त्यांचा आवाज मी कधी ऐकला नाही पण असाच असणार, "जर्मन घ्या. बाकी सगळा पत्रा." लगेच पुण्याचे एक गृहस्थ, "जर्मन हे ज्यांना कपाटात ठेवायचेत त्यांनी घ्यावेत. आम्ही तैवान वापरतो." तिसरा खवळला, "माझ्या वडिलांचा जालंधरचा पाना चाळीस वर्षं चालतोय, तुमच्या तैवानचा जन्म तरी झाला होता का?" मग कोणीतरी कोणाचा बाप काढला, ग्रुप फुटला, जर्मनवाले एकीकडे, तैवानवाले एकीकडे... आणि धम्मपाल दोन्हीकडे! दोन्हीकडे मान डोलावतोय!

घरात दुसरा विषय नाही हो. माया, त्याची बायको, हॉस्पिटलात नर्स. आठ तास उभी राहून घरी येते, चहा टाकते, आणि नवरा म्हणतो, "माया, पान्याच्या पोलादात क्रोम व्हॅनेडियम का घालतात माहितीये?" ती म्हणते, "अहो, ब्रेकचं काय झालं?" "तेच तर चाललंय!" कम्प्युटरवर तक्ता केला त्याने. देश, पोलाद, गॅरंटी, दात किती, पकड कशी... आणि ब्रेक आपले जिथल्या तिथे, किंचाळत.

एका शनिवारी नागदेवी स्ट्रीटला गेला, हत्यारांच्या बाजारात. दुकानदार मोठा शहाणा! पहिला प्रश्न, "बोला शेठ, काय खोलायचंय?" धम्मपाल म्हणाला, "ते नंतर. आधी कंपन्या दाखवा." "अरे पण खोलायचंय काय?" "तुम्ही कंपन्या दाखवा हो!" तीन तास बघितल्या. काही न घेता परत आला. तो दुकानदार अजून कपाळावर हात मारत असेल.

आणि मला राग कशाचा येतो सांगू? या माणसाला आयुष्यभर लोकांनी विचारलं, "धम्मपाल... बरं, पूर्ण नाव?" इंटरव्ह्यूत विचारलं, भाड्याची खोली बघायला गेला तिथे विचारलं, नाव ऐकून खोली परवाच गेल्याचं सांगितलं. शिक्का बघून माल ठरवणं काय असतं, हे ज्याने अंगावर झेललं, तोच आता लोखंडाला उलटंपालटं करून शिक्का शोधतोय! कंपनी कुठली, कंपनी कुठली!

शेवटी जर्मन मागवला. चौऱ्याण्णव नगांचा सेट. परदेशातून येणार, मग कुठल्या तरी गोदामात अडकला, मग सुटला. इकडे बाबुराव रोज विचारतात, "धम्मा, गाडी झाली?" "दादा, सेट येतोय." म्हाताऱ्याने पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवलेला. खाली बाकड्यावरच्या चार दोस्तांना सांगून झालेलं, "यंदा मी तुमच्या बसला नाही. पोराची गाडी आहे."

सेट आला अठरा मार्चला. शनिवारी संध्याकाळी!

रविवारी सकाळी साहेब खाली. पेटी उघडली... काय पेटी हो! प्रत्येक नग आपापल्या खोबणीत, लग्नाच्या दागिन्यासारखा. जॅक लावला, चाक काढलं, अगदी त्या गोऱ्या माणसासारखं! मग आत ब्रेकचा बोल्ट. त्याला सहा कोनांचं भोक. त्यात घालायची किल्ली सहा नंबरची घातली, ढिली. आठची घातली, जाईना. म्हणजे सात. पेटीत बघितलं... सहा, आणि सहाच्या शेजारी थेट आठ. चौऱ्याण्णव नगांत सात नाही!

ग्रुपवर फोटो टाकला. उत्तर काय यावं? "सात? सात कोण वापरतं?" आणि पुण्याचे गृहस्थ, "म्हणूनच आम्ही तैवान म्हणत होतो." नागदेवी बंद, रविवार. मग मान खाली घालून हितेंद्रला फोन. तो म्हणाला, "सातची आहे ना साहेब, चार आहेत! गॅरेजात. पण गॅरेजची चावी माझ्या खिशात, आणि मी पनवेलला, पुतण्याच्या हळदीत. परवा येतो."

इथे थांबावं ना? थांबेल तर शपथ! सहाच्या किल्लीला टेप गुंडाळली, भोकात ठोकली, आणि अंगातला सगळा जोर लावून फिरवली. कर्रर्र! भोकाचे कोन गेले, भोक गुळगुळीत गोल. आता सातची मिळूनही उपयोग नाही, आणि गेलेल्या ब्रेकवर म्हाताऱ्याला घेऊन महाडला जाणार कसं?

बाबुराव खाली आले. तीन चाकांवर उभी गाडी बघितली. ओरडले नाहीत हो, तेच वाईट. एवढंच म्हणाले, "आम्ही आधी बोल्ट बघायचो रे. मग हत्यार उचलायचो." धम्मपाल म्हणाला, "दादा, मी टॅक्सी करतो, दारातून दारात." म्हातारा म्हणाला, "भाड्याच्याच गाडीत बसायचं, तर आपल्या माणसांत बसेन."

वीस तारखेला सकाळी सहाला मंडळाची बस नाक्यावर लागली. बाबुराव पांढऱ्या शर्टात, मागून धम्मपाल त्यांची पिशवी घेऊन. जागा उरली होती ती शेवटच्या रांगेत, बरोब्बर चाकावरची. एक्याऐंशी वर्षांचं पाठीचं हाड, आणि महाडपर्यंतचे खड्डे! बाकड्यावरच्या दोस्तांनी खिडकीतून हाळी दिली, "जय भीम बाबुराव! काय, पोराची गाडी कुठाय?"

आणि म्हातारा, पायरीवर पाय ठेवत, मागे न बघता म्हणाला, "जय भीम! गाडी एकदम झकास आहे रे. पण पोरगा साहेब आहे माझा. त्याला सुट्टी नाही."

सुट्टी? आठवडाभर आधी मंजूर करून घेतली होती त्याने! पिशवी वर दिली, बस वळेपर्यंत तिथेच उभा राहिला. मायाने दोनदा वरून फोन केला, जेवायला गेला नाही. दिवसभर त्या गाडीपाशी बसून, उघड्या ब्रेककडे बघत.

दुपारी मोबाइल वाजला. कॅप्टन विचारत होते, जर्मन सेट कसा वाटला, चार हजार लोक वाट बघतायत, अभिप्राय टाका. तुम्हाला सांगतो, चार महिन्यांत त्या माणसाने पहिल्यांदाच काही न शोधता, तक्ता न बघता उत्तर लिहिलं...

"पेटी मजबूत आहे. बसायला चांगली."