लाल वही

नोकरीत मी नेमकं काय करायचो, हे तुम्ही दरवेळी विचारता, म्हणून सांगतो. मुंबईच्या एका गिरणीत मी जनसंपर्क अधिकारी होतो. निवृत्त होऊन धामणगावला परतलो, तेव्हा त्या हुद्द्याचा अर्थ गावात फक्त बापूरावांना कळला. ते आमदारकीला उभे होते आणि रोज सकाळी माझ्याकडे चहाला यायचे.

"काका, सभेत बोलाले उभा राह्यलो की मले काहीच सुचत नाही."

"मग बोलू नका," मी म्हणालो. "एक लाल वही घ्या. कोणी गाऱ्हाणं सांगितलं की त्याचं नाव विचारा, बापाचं नाव विचारा आणि त्याच्यासमोर सावकाश लिहा. निम्मा राग तिथंच उतरतो."

"आन् काम?"

"कामाचं पुढं बघता येतं. गिरणीत आम्ही तसंच करायचो."

वही गावोगाव फिरली. बापूराव निवडून आले.

वर्षभरानं आमच्या गावची एसटी बंद झाली. बायकोला दर आठवड्याला बुलढाण्याच्या दवाखान्यात न्यावं लागायचं, म्हणून मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला, मधे न बोलता सगळं ऐकलं. मग टेबलावरची लाल वही उघडली.

"हाव, बराबर आहे तुमचं. लिहूनच घेतो," ते म्हणाले. "काका, तुमच्या वडलांचं नाव काय?"

मी नाव सांगितलं, चहा संपवला आणि बुलढाण्याची एसटी जिथून मिळते त्या मोताळ्यापर्यंत जायला बैलगाडी ठरवूनच घरी आलो.