दादाचा पहिला सूर

दवाखान्याच्या बाकावर नंबराची वाट बघणाऱ्या पोस्टमनने शेजारच्या दोघींकडे कान लावला.

"पाय कशानं मुरगळला गं?"

"काल आम्हा आगीच्या बंबावरच्या स्वयंसेवकांसाठी मैफल होती ना? आजारपणानंतर आमचा दादा पहिल्यांदाच ट्रम्पेट वाजवणार होता."

"छातीच्या त्या दुखण्यानंतर? दम पुरला का?"

"त्याचीच तर धास्ती होती! त्यानं पहिला सूर लावला मात्र, आम्ही सगळे उठून बंबाकडे पळालो."

"अगं बाई! का?"

"भोंगाच वाजला वाटलं! मी बंबाच्या पायरीवरून घसरले, तरी चढलेच. बंब पार गावाबाहेर गेला."

पोस्टमनचा नंबर पुकारला गेला, पण तो जागचा हलेना.

"आणि दादा?"

"रिकाम्या खुर्च्यांपुढे वाजवतच होता. गावाबाहेर बंबावर ऐकू येत होतं!"

"आणि पाय?"

"दुखू दे मेला. इतकं बरं वाटून कधी दुखला नव्हता."