उलटं शहर

रखडलेल्या बसच्या नावाने बोटं मोडत थांब्यावर बसलेल्या शिंपिणीच्या शेजारी दवाखान्यातून नुकतंच सुटलेलं एक म्हातारं जोडपं येऊन टेकलं.

“बस कशाला? तुम्ही भाड्याने घेतलेल्या खोलीपर्यंत चालत जाऊ. हे शहर मला पाठ आहे.”

“आजच खाटेवरून उतरलीस, आणि शहर पाठ?”

“रोज पायी भटकून यायचात नि मला सगळं सांगायचात ना! फाटकातून डावीकडे घड्याळवाला, पुढे पिवळं पोस्ट...”

“डावीकडे नाही गं, उजवीकडे.”

“अहो, समोर बसून असा हात करायचात की!”

“तो माझा उजवा हात!”

“अगंबाई! म्हणजे इतके दिवस मी उलट्याच शहरात फिरले?”

“मला वाटायचं, ऐकता ऐकता तुझा डोळा लागतो.”

“कसला डोळा लागतोय! रात्री कळ आली की डोळे मिटून घड्याळवाल्यापासून निघायचे. पोस्टापर्यंत पोचेस्तोवर ती ओसरायची.”

“कधी बोलली नाहीस.”

“बोलले असते, तर गुडघे दुखत असताना दुप्पट भटकला असतात. पाय तुमचे झिजले हो, म्हणून माझी वाट सरली.”

“पुरे. ऊठ, सावकाश. उजवीकडे.”

“चला. पण आता समोरून नाही, शेजारून दाखवा.”