नाना, सोडता का जरा?

हसू नका, मी खरंच घाबरलो होतो. दिल्लीहून शिकून आल्यावर धारूरला फुटबॉल क्लब काढला, आणि गोलकीपर ओंकार गोलांवर गोल खात होता. सगळे म्हणत, “काढा त्याला.”

खरी अडचण वेगळीच होती. बचावाला त्याचे सख्खे चुलते, नाना. चेंडू आला की हा म्हणायचा, “नाना, सोडता का जरा?” तेवढ्यात गोल!

घाटनांदूरच्या सामन्याआधी मी बजावलं, “नुसतं ‘सोड’ म्हण.” हरलो तर क्लब मोडणार होता. एका गोलने पुढे होतो, आणि शेवटच्या मिनिटाला चेंडू आला.

“सोड बे!”

नाना दचकून बाजूला झाले, चेंडू ओंकारच्या हातात. जिंकलो! पण ओंकार गोलमधून हलेना.

“चल, नाना गेले घरी.”

“दादा, मी बी तिथंच राहतो ना.”