मागच्या सीटवरचे अकरा किलो

…आणि वर मलाच म्हणतो, "अगं, खेळच आहे तो!" खेळ? तुम्हाला सांगते, खेळ असता तर मी कशाला बोलले असते? माझा धाकटा दीर मोबाइलवर खेळतो ना, तो खेळ. गाडी भिंतीवर आपटली, दोन कोलांट्या मारल्या, पुन्हा चारही चाकांवर उभी, चालली पुढे! मन कसं शांत राहतं. पण नवऱ्याला ते चालत नाही. "ह्यॅ! ते खेळणं आहे. माझ्या कॉम्प्युटरवरच्या खेळात टायर तापतो, झिजतो, ब्रेक दमतो. अगदी खऱ्यासारखं!" दीर म्हणतो, "दादा, खऱ्यासारखंच हवं तर खाली जाऊन गाडी धू की!" तेवढा एकच शहाणा घरात.

तर या खऱ्यासारख्यापायी इस्त्रीच्या टेबलाला स्टिअरिंग आवळलंय आणि मी जमिनीवर बसून इस्त्री करते… असो. कुठलीतरी लाल चपटी गाडी पळवत होता तोवर ठीक होतं हो. मग यानं त्यात आमचीच गाडी बनवली! तोच करडा रंग, दारावरचा तोच ओरखडा (माझीच कृपा, जाऊ दे), मागे ठकूची सीट. ठकू म्हणजे आमची लेक, अजून धड बोलतही नाही. तिला मी रोज त्याच गाडीतून पाळणाघरात सोडते.

एका संध्याकाळी यानं खेळातल्या डाव्या टायरांची हवा कमी केली. म्हणे वळणावर पकड येते. सकाळी आमची गाडी डावीकडे ओढायला लागली! योगायोग, म्हटलं. मग यानं स्प्रिंग कडक केले. दुसऱ्या दिवशी खड्ड्याखड्ड्याला ठकू चेंडूसारखी उडतेय. मेकॅनिक गाडीखालून बाहेर आला, हात पुसत माझ्याकडे बघतच राहिला. "ताई, स्प्रिंग कुठे बदलून घेतले?" काय सांगणार, कपाळ? आणि घरी सांगावं तर… "अगं, खेळच आहे तो!" मी काही अडाणी नाही हो, फिजिक्स घेऊन पदवी काढलीय. पण हा धडा नव्हता पुस्तकात! की नेमका तोच तास मी बुडवला होता?

परवा रविवारी दुपारी ठकूला झोपवून मी कपड्यांच्या घड्या घालतेय, तर आतून आरोळी: "दोन सेकंद वाचले!"

"कसे रे?"

"मागच्या सीटवरचं वजन काढून टाकलं. अकरा किलो. उगाच ओझं!"

अकरा किलो… डॉक्टरांच्या काट्यावर ठकू किती भरली होती?

धावले. ठकू जागेवरच होती. झोपलेली. पण तिच्या डोक्याखाली उशीला खळगाच नव्हता! उचलली, तर हातात नुसतं झबलं आल्यासारखं. तिनं डोळे उघडले, माझ्याकडे बघून हसली, आणि त्या हसण्याला आवाज नव्हता हो…

"टाक! आधी परत टाक!"

"अगं, पण माझे दोन सेकंद…"

त्याला खुर्चीसकट ढकललं आणि माझ्या हातानं अकरा किलो परत घातले. कडेवर ठकू हळूहळू जड होत गेली, पार कंबर मोडेस्तोवर, आणि मग असं भोकाड पसरलं म्हणता! कधी नव्हे ते गोड वाटलं.

त्या खोलीला मी कुलूप लावणार आहे. लावणारच. फक्त… त्या सीटच्या वरच्याच ओळीत ड्रायव्हरचं वजन दिसलं हो. बाळंतपणात वाढलेलं, हटता हटत नव्हतं… सकाळी जुनी जीन्स घातली, तर कमरेत ढगळ! अजून दोनच किलो, मग कुलूप.

अहो, असं काय बघता? खेळच आहे तो!