आबांचं एक हसू बाकी

दोन हजार पंचवीस साल, डिसेंबरचा पहिला आठवडा, सकाळी स्वेटर आणि दुपारी पंखा असे आमच्या सिकंदराबादचे दिवस, गाड्यांवरची सीताफळं संपून पेरू लागलेले... आणि असल्या चांगल्या दिवसांत, तुम्हाला सांगतो, तिसरीतल्या लेकरांना कुणी असला अभ्यास देतं का? पाढे द्या, शुद्धलेखन द्या, फार तर झाडाचं पान चिकटवून आणा म्हणा. नाही. यांनी म्हणे मशीनला शिकवायचं. अहो, ज्यांची नाकं अजून आपण पुसतो ती मशीनची मास्तर झाली. मी म्हटलं, जाऊ दे. मी कमी बोलणारा माणूस आहे.

माझी नात दीक्षा शाळेतून आली, दप्तर एकीकडं, बूट दुसरीकडं, आणि माझ्यासमोर कंबरेवर हात ठेवून उभी. "आबा, एआय माहिती?" म्हटलं, नाही. मी चौथी शिकलो आणि त्याची मला लाज वाटत नाही, रेल्वेत गेटमन म्हणून उभी हयात काढली, एक लाल निशाण, एक हिरवं निशाण, तेवढ्यात संसार झाला. म्हणाली, "आबा, ते ना दिमाग असतंय, पण खाली, एकदम रिकामं. आपण दाखवू तेच शिकतंय." म्हटलं, म्हणजे तुझ्या बापासारखं. बाप, म्हणजे आमचा धम्मदीप, तिथंच मोबाइल घेऊन बसला होता. ऐकू आलं नाही असं दाखवलं त्यानं. असं दाखवायला मात्र त्याला कुणी शिकवलं नाही.

तर अभ्यास असा. घरातल्या माणसांचे फोटो न्यायचे, त्यांच्या दोन थप्प्या करायच्या, एक हॅप्पी, एक अँग्री. मग भाग्यलक्ष्मी मॅडमच्या लॅपटॉपला लेकरांनी ते दाखवायचे, हा हॅप्पी, हा अँग्री, हा हॅप्पी, हा अँग्री... आणि मग नवा माणूस समोर उभा राहिला की मशीन स्वतःच त्याचं तोंड बघून सांगणार, हा खूश आहे का रागात आहे. मी विचारलं, यात मशीन कशाला पाहिजे? तोंड दिसत नाही का माणसाला? शनिवारी सगळ्या आईबापांना बोलावलेलं, शाळेचे सेक्रेटरीसाहेब येणार, आणि मशीनपाशी उभं राहून माणसांना पुढं बोलवायचं काम आमच्या दीक्षाकडं. आता तुम्ही म्हणाल, चांगलं आहे की. चांगलंच आहे. पण पुढं ऐका.

"आबा, मला तुमचा हसलेला फोटो पाहिजे." म्हटलं, नाही. "एक तरी?" म्हटलं, एकही नाही. आता तुम्ही सांगा, गेटमननं हसायचं असतं का? गेट बंद करून उभं राहिलो आणि जरा दात दिसले, की लोक समजतात हा मऊ आहे, आणि सायकली आडव्या करून दांड्याखालून वाकून जातात, आणि तिकडून मेल येतेय. माझ्या गेटखालून एकही माणूस वाकून गेला नाही, कशामुळं? ह्या तोंडामुळं. पगार त्याचाच होता.

पोरीचं तोंड एवढंसं झालं. मग आमच्या सूनबाईंनी, त्रिवेणीनं, हळूच सांगितलं, "मामा, वर्गात तो कुलदीप आहे ना, तो सगळ्यांसमोर बोलला, दीक्षाके दादा जिंदगीत हंसे नै. ही बोलली, हंसते. तो बोलला, दिखा. ही बोलली, शनिवारी दिखाती." म्हणजे पोरगी माझ्या नावावर शब्द देऊन बसली होती. मला न विचारता. आणि आमच्या घरात दिलेला शब्द मोडत नाहीत, हे तिला कुणी शिकवलं? मीच शिकवलं. कमी बोलून शिकवलं.

म्हटलं, दीक्षा, मागितल्यावर हसू येत नसतं. ते काय नळ आहे? उधार ठेव. म्हणाली, "ठीक. एक हसू बाकी." आणि तेव्हापासून, तुम्हाला सांगतो, सकाळी चहा पितोय, "आबा, माझं हसू?" दाढी करतोय, "आबा, बाकी आहे." रस्त्यानं चाललोय, मागून आवाज, "आबा, शनिवार जवळ आला." सावकारानं असा तगादा लावला नाही कुणाला.

मग अल्बम काढला. पहिलाच फोटो लग्नाचा, हैदराबादेत गौलीगुड्याच्या स्टुडिओतला. मी खुर्चीत, पार्वतीबाई बाजूला उभी, आणि दोघांचे चेहरे असे की कुणीतरी आत्ताच निकाल सांगणार आहे. फोटोवाल्यानं बजावलं होतं, "हिलना नक्को, हसना नक्को, एकीच फोटो है." दीक्षा म्हणाली, "आबा, इथं राग आला होता?" म्हटलं, राग कशाचा? लग्न होतं माझं. फार खूश होतो. "असं तोंड करून?" म्हटलं, तोंडावर जाऊ नको. माणसाला विचार.

झालं. हे एक वाक्य बोललो मी. मी कमी बोलणारा माणूस, आणि त्यातलंही एक जास्त झालं.

पोरीनं तो फोटो हॅप्पीच्या थप्पीत टाकला. दुसरा काढला, नागपूरला दीक्षाभूमीवर पहिल्यांदा गेलो तेव्हाचा, मागं स्तूप, पुढं मी, भुवया एकमेकीला भिडलेल्या. "आणि इथं?" म्हटलं, तिथं छाती एवढी भरून आली होती की शर्टाचं बटण राहिलं ते नशीब. तुझं नाव उगीच ठेवलं का? हॅप्पी. तिसऱ्यात धम्मदीप आठवड्याचा, आणि मी त्याला असा धरलाय जसा कुणाचा तरी काचेचा माल सांभाळायला दिलाय. हॅप्पी. चौथा नोकरीच्या शेवटच्या दिवसाचा, गळ्यात हार. "इथं, आबा?" ...इथलं राहू दे म्हटलं. तो ठेव बाजूला.

आता अँग्रीचे फोटो आणायचे कुठून? रागावलेल्या माणसाचा फोटो कोण काढतो? पण पोरीला वाक्य सापडलं होतं ना, तोंडावर जाऊ नको, माणसाला विचार. ती गेली आईकडं. त्रिवेणीचा ऑफिसातला फोटो, केक कापतेय, हसू कानापर्यंत. "मम्मी, इथं हॅप्पी?" त्रिवेणी म्हणाली, "इथं? त्या दिवशी माझं केलेलं काम दुसरीच्या नावावर गेलं होतं. केकच्या जागी कोण दिसत होतं ते नको विचारू." अँग्री. धम्मदीपचा मेहुण्याच्या लग्नातला, बत्तीसच्या बत्तीस दात बाहेर. "पप्पा?" "माझे नवे बूट चोरीला गेले होते त्या मांडवात." अँग्री. पार्वतीबाईचा नणंदेबरोबरचा, दोघी गळ्यात गळा घालून हसताहेत. पार्वतीबाईनं फोटो हातात घेतला, माझ्याकडं पाहिलं, आणि म्हणाली, "टाक अँग्रीत." नणंद म्हणजे माझी बहीण. मी कमी बोलणारा माणूस आहे, गप्प बसलो.

आणि हे एवढ्यावर थांबेल तर ती दीक्षा कसली? तिनं वर्गात जाऊन सगळ्यांना सांगितलं, तोंडावर जाऊ नका, माणसाला विचारा. सगळी लेकरं घरोघर चौकशीला लागली. कुणाचे तातगारू, म्हणजे आजोबा, मिशा फेंदारून खुर्चीत बसलेले, विचारलं, तर म्हणाले, त्या दिवशी मला नोकरी लागली. हॅप्पी. कुणाची आत्या फोटोत खळखळून हसतेय, विचारलं, तर म्हणाली, ती साडी मला कुणी दिली ते नाव काढू नको. अँग्री. भाग्यलक्ष्मी मॅडम भल्या बाई. त्यांचा नियम असा की मशीनचे टीचर तुम्ही, मी मध्ये बोलणार नाही. बोलायचं तिथं लोक बोलत नाहीत बघा. शुक्रवारी सगळे फोटो दाखवून झाले, आता तपासून बघू म्हणेपर्यंत करंट गेला, आणि सगळे घरी गेले.

शनिवार. मी इस्त्रीचा शर्ट घातला. दीक्षा वाटेत नुसता माझा हात धरून चालली, आणि शाळेच्या गेटपाशी आल्यावर म्हणाली, "आबा, आज आखरी दिवस." म्हटलं, बघू.

हॉल भरलेला. पुढं लॅपटॉप, मोठा पडदा, दोन वेण्या घातलेली आमची दीक्षा. पहिले सेक्रेटरीसाहेब. आले, कोट ओढून नीट केला, कॅमेऱ्यासमोर असे गोड हसले की वाटावं आता मतं मागतील. मशीन बोललं, "अँग्री."

साहेबांना वाटलं हसू कमी पडलं. आणखी हसले. मशीन म्हणालं, "अँग्री." आणखी हसले, दाढा दिसल्या, पडद्यावर आकडा आला, शंभर टक्के अँग्री. भाग्यलक्ष्मी मॅडम पुढं धावल्या, "अय्यो, सर, सर, वन मिनिट," आणि अवघडून हसल्या, तर मशीन त्यांनाही म्हणालं, अँग्री. दोघा-तिघा आयांना बोलावलं, त्या पदर सावरून लाजत हसल्या, अँग्री, अँग्री, अँग्री. मग उठल्या मोठ्या मॅडम. हेडमास्तरीण. त्यांचं तोंड असं झालेलं की मी माझ्या सगळ्या नोकरीत असं तोंड केलं नाही. त्या लॅपटॉपपुढं येऊन उभ्या राहिल्या, डोळे वटारले, आणि मशीन म्हणालं, "हॅप्पी."

हॉल फुटला, तुम्हाला सांगतो. मागच्या बाकांवर लोक पोट धरून वाकले. मॅडम आणखी चिडल्या. आकडा आणखी चढला.

पण मी दीक्षाकडं बघत होतो. ती हसत नव्हती. खालचा ओठ दातात धरलेला. मोठ्या मॅडमनी विचारलं, "किसने सिखाया ये? कौन बोला ऐसा करने को?" भाग्यलक्ष्मी मॅडमचं तोंड पांढरं पडलं. आणि आमच्या पोरीनं, खोटं बोलायची सवय नाही ना, बोट केलं माझ्याकडं. "आबा बोले."

सगळा हॉल वळला. मी उठलो. पार्वतीबाईनं शर्ट ओढला, "अहो, बसा." कसा बसू? गेलो पुढं. मोठ्या मॅडम म्हणाल्या, "आप सिखाए?" म्हटलं, हौ. "क्या सिखाए?" म्हटलं, मैं बोला, मुंह पे मत जाओ, आदमी को पूछो. बच्चे पूछे. जो बोले, वो लिखे. बस. मी कमी बोलणारा माणूस आहे, हिंदीत तर आणखी कमी.

सेक्रेटरीसाहेब खाली बघून म्हणाले, "सच बोलूं? सुबह से गुस्से में ही हूं मैं. संडे का पूछो तो छुट्टी नै, सॅटरडे का पूछो तो छुट्टी नै." पुन्हा हॉल फुटला. आणि आता मोठ्या मॅडमच्याही ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. मशीननं लगेच आकडा उतरवला.

मी परत फिरलो, तर दीक्षा म्हणाली, "आबा, खडे रहो. तुम्ही राहिलात." मी कॅमेऱ्याकडं बघितलं. जसा बघतो तसाच. भुवया, मिशा, सगळं जागच्या जागी. मशीन म्हणालं, "हॅप्पी."

आता काय सांगू तुम्हाला... ह्या तोंडाला बायको घाबरली, पोरगा घाबरला, सायकलवाले घाबरले, आणि आजवर कुणी ह्याच्याकडं बघून म्हटलं नव्हतं की हा माणूस खूश आहे. आणि मी होतो. हॉल भरलेला, माझी नात मास्तरीण झालेली, खोटं न बोलता उभी. मी होतो की खूश. त्या डब्याला कळलं.

तेवढ्यात खालून एक बारका आवाज आला, "ए दीक्षा, हंसी किधर है?" कुलदीप. हात बांधून बसलेला, हिशेब मागायला.

आणि मालगाडी सुटते तेव्हा बघा, आधी एक डबा धडकतो, मग दुसरा, मग खडखडत सगळी रांग हलते, तसं पोटात काहीतरी धडकलं, वर छातीत आलं, मी ओठ दाबून धरले, गेट बंद करून धरलं म्हणा, पण नाही थांबलं हो. हसलो. आवाजानं हसलो. कवळी सुटली, हातानं धरली, आणि धरून हसलो. पार्वतीबाई उभी राहिली, तिला वाटलं मला काहीतरी झालं.

मशीन म्हणालं, "अँग्री."

कुलदीप उठला. "देखो, मशीन अँग्री बोल रहा."

दीक्षा म्हणाली, "मशीन को नक्को पूछ. आदमी को पूछ."

तो आला माझ्यापुढं, मान वर करून म्हणाला, "दादाजी, आप हंसे ना?"

म्हटलं, हौ.

दीक्षा म्हणाली, "फिटलं."